धृतिमतीने अडवलेली तिलांजली

पूर्वी त्रेतायुगाच्या प्रारंभी, जेव्हा वृक्ष न मागता फळे देत आणि माणसे मात्र तेव्हाही न मागता भांडणे देत, तेव्हा वेत्रजा नदीच्या उत्तर तीरावर शमीग्राम नावाचे ऋषिकुळांचे गाव वसलेले होते. होमधूमाने धूसर झालेल्या तेथील पर्णकुटी आणि निर्भयपणे अंगणात रवंथ करणारी हरिणे पाहून देवांनाही विसावण्याचा मोह होई. अशा त्या शांत गावात शुचिव्रत ऋषींची विधवा पत्नी धृतिमती हिचा एकुलता एक पुत्र सुकेतन आपल्याच चुलतभावाच्या हातून मारला गेला.

कारण म्हणाल तर यवाच्या शेतात शिरलेली एक गाय. शब्दाने शब्द वाढला, आणि धृतिमतीच्या दिराचा मुलगा दृढायू याने समिधा तोडायची कुऱ्हाड उगारली. राग क्षणात ओसरला, पण सुकेतन काही उठला नाही.

कुलवृद्धांनी दृढायूला बारा वर्षे नदीपार अरण्यात राहण्याची शिक्षा दिली. ती ऐकून धृतिमतीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या कुळाची रीत अशी, की मारल्या गेलेल्याला न्याय मिळाल्याखेरीज त्याच्या नावाने तिलांजली सोडायची नाही. ती भर सभेत उभी राहून म्हणाली, "हा न्याय मला मान्य नाही. घातकी जिवंत असेपर्यंत माझ्या पुत्राला जो कोणी पाणी देईल, त्याला माझ्या व्रतांची शपथ आहे." वृद्धांनी माना खाली घातल्या. पुत्र गमावलेल्या मातेपुढे बोलणार कोण? खरे तर तेव्हाच कोणीतरी बोलायला हवे होते.

मग तिने तप आरंभिले. ग्रीष्मात पंचाग्नी, शिशिरात कंठापर्यंत जल, आणि मुखी एकच मागणे. बारावे वर्ष सरले त्या प्रातःकाळी महिषारूढ, दंडधारी यमधर्म तिच्यापुढे प्रकट झाले.

"तपस्विनी, वर माग."

"दृढायूचा मृत्यू," ती म्हणाली. "त्याआधी एवढे सांगा, धर्मराज, माझे लेकरू कसे आहे?"

"तृप्त आहे. प्रत्येक अमावास्येला त्याला ओंजळभर पाणी पोचते."

धृतिमतीला वाटले, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "पाणी? त्याला पाणी कोण देणार? मी तर साऱ्या गावाचे हात बांधले होते."

"होय. तू त्याला तहानलेलेच ठेवले होतेस," यमधर्म म्हणाले. "पहिली अमावास्या त्याने कोरड्या कंठाने काढली. दुसरीपासून नदीपार राहणारा दृढायू त्याला पाणी देतो. तुझी शपथ मोडल्याचे पाप त्याने आपल्या माथी घेतले आहे. आता माग. तो मेला, की ते पाणी थांबेल."

बारा वर्षे ज्याच्यासाठी देह झिजवला, त्याचाच घोट तिने अडवला होता, आणि ज्याचा प्राण मागायला ती उभी होती, त्याने तो पाजला होता. तिला रडू येईना. तिला स्वतःच्या तपाची किळस आली.

ती म्हणाली, "त्याला आयुष्य द्या. आणि यापुढे कोणत्याही मृताचे पाणी कोणाच्या वैरासाठी अडू नये."

"तथास्तु," म्हणून यमधर्म अंतर्धान पावले.

त्या दिवशी अमावास्याच होती. धृतिमती पैलतीरी पोचली तेव्हा अकाली पिकल्या केसांचा दृढायू गुडघाभर पाण्यात उभा होता. तिला पाहून त्याने भरलेली ओंजळ तशीच धरून ठेवली.

"मोठी आई, शाप द्यायचा तर दे. एवढी ओंजळ तेवढी सोडू दे."

"तुला क्षमा करायचे बळ माझ्यात अजून नाही," ती पाण्यात उतरत म्हणाली. "पण तुझा हात कापतो आहे. अर्धे पाणी वायाच जाते."

तिने त्याच्या ओंजळीखाली आपली ओंजळ धरली, आणि दोघांनी मिळून सुकेतनाचे नाव घेतले.

तेव्हापासून वेत्रजेच्या तीरावर मारल्या गेलेल्या माणसाची तिलांजली न्यायासाठी खोळंबत नाही. न्याय मागाहून होतो, कधी होतही नाही. पाणी मात्र मृत्यूच्याच दिवशी सोडतात, आणि ते मृताच्या मातेने व मारणाऱ्याने एकत्र सोडायचे असते. हात आखडणाऱ्या मातेला तेथील वृद्ध स्त्रिया धृतिमतीची ही कथा सांगतात, आणि ती पाण्यात उतरेपर्यंत तिच्यासोबत तीरावर उभ्या राहतात.