वासू परबाचं गाऱ्हाणं

“मगे देव आयकना कित्याक नाय, आबानू?”

वासू परबाने आल्या आल्या हेच विचारलं. वाकून नमस्कार नाही की पाणी मागणं नाही.

भिवाआबा गुरव दारातल्या मांडवाखाली कोकमं फोडत बसले होते. वय नव्वदीच्या पुढचं. हात मनगटापर्यंत लाल झालेले. त्यांनी आणखी एक कोकम फोडलं, बिया बाजूला टाकल्या आणि साल सुपात ठेवली.

“अकरा देवळांत गाऱ्हाणा घातलंय,” वासू म्हणाला. “एकाय शब्दाची चूक नाय. माज्यासारखा गाऱ्हाणा घालणारो आजूबाजूच्या धा गावांत दुसरो आसा?”

“नाय,” आबा म्हणाले.

आणि ते खरंच होतं. गावात कुणाचं लग्न असो, नवी होडी पाण्यात सोडायची असो, की कुणाच्या घरी दुखणं असो, देवासमोर उभं राहून त्या माणसाचं म्हणणं मांडायला वासूच लागायचा. आवाज असा की माईकची गरज नाही. हे लोक सांगायचेच, आणि लोक विसरले तर वासू स्वतः सांगायचा. ही विद्या त्याला आबांनीच दिली होती.

“जयवंती कशी आसा?” आबांनी त्याच्या बायकोची चौकशी केली.

“तशीच. उजवी बाजू गेलेली. बोलना नाय. पाच म्हयने झाले.”

“आता तिच्याकडे कोण?”

“शेजारची पारूवयनी. तासाभरान येतंय म्हणान सांगलंय.”

“आणि अकरा देवळांत वांगडाक कोण होतो?”

वासू हातातला नारळ या हातातून त्या हातात करू लागला.

“एकटोच गेलंस?”

“गावासमोर माजा रडगाणा घालू? मी?” वासू चिडला. “चाळीस वर्सां मी दुसऱ्यांचा सांगत इलंय.”

आबा हसले नाहीत. त्यांनी लाल बोटाने समोर दाखवलं.

समोर झाडाखाली राखणदाराचा दगड होता. गावाची शीव राखणारा देव. वर छप्पर नाही, पुजारी म्हणाल तर आबाच. भर दुपार होती, वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

“घाल गाऱ्हाणा,” आबा म्हणाले.

वासूने टोपी सारखी केली. नारळ पुढे ठेवला. छाती भरून श्वास घेतला, आणि मग तो आवाज निघाला.

“बा देवा म्हाराजा! ह्या शिवेच्या राखणदारा! आज हो परबांचो वासुदेव तुज्या पायांकडे इलो आसा. तेच्या अस्तुरीक जो काय आजार झालो आसात, तो सात समुद्रापलीकडे न्हे, रे म्हाराजा!”

इथे थांबायचं असतं. जमलेली माणसं एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हणतात, तेव्हा कुठे गाऱ्हाणं पुढे सरकतं. वासू सवयीने थांबला.

...

कुणीच काही म्हणालं नाही. आबांच्या सुपात एक साल पडली, तेवढाच आवाज झाला.

वासूने पुन्हा म्हटलं, आणखी चढ्या आवाजात. पुन्हा थांबला.

...

“आबानू, व्हय म्हणा ना!”

“कोणासाठी म्हणू?”

“म्हणजे?”

“परबांचो वासुदेव इलो आसा म्हणतंस. खंय आसा तो?”

“हो काय मी उभो आसंय!”

“मगे तेकाच बोलांदे.”

वासूने तोंड उघडलं. “बा देवा म्हाराजा, मी...”

पुढे काही येईना. लग्नाचं येत होतं, होडीचं येत होतं, कुणाच्या हरवलेल्या रेड्याचंसुद्धा तोंडपाठ होतं. ‘मी’ने सुरू होणारं गाऱ्हाणं त्याने आयुष्यात कधी घातलं नव्हतं.

आबा कोकमं फोडत राहिले.

वासूला बायकांची रांग आठवली. देवळात पहिलं “व्हय म्हाराजा” तिथून यायचं, आणि ते जयवंतीचं असायचं. सगळ्यांच्या जरासं आधी. घरी आल्यावर तो तिला रागवायचा, तुला दम धरवत नाही का म्हणून. ती म्हणायची, “तुमी थांबलास की माका भय वाटता. कोण बोललाच नाय तर?”

अकरा देवळांत तो थांबला होता आणि कोणी बोललं नव्हतं. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याने टोपी काढली. दगडासमोर खाली बसला, शेतात दमल्यावर माणूस बांधावर बसतो तसा.

“काल तिका पेज भरवी होतंय,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक की तो त्याचाच, हे कुणाला पटलं नसतं. “तिना तोंड मिटल्यान. तीनदा चमचो फुडे केलंय. मिटल्यानच.”

...

“माजो हात उठलो. तिच्यार. मारलंय नाय... पण उठलो. ती माका बघून भियाली.”

आबांचा हात थांबला.

“दिवसभर मीच बोलतंय. मीच इचारतंय, मीच उत्तर दितंय. सांज झाली की वाटता, खंयतरी निघान जावचा. तिका तशीच टाकून.” वासूला हुंदका आवरेना. लाज वाटत होती आणि तरी तो बोलत होता. “ती बरी होऊक नाय तरी चलात. माजो हात परत उठूक दिव नको. माका एकट्याक जमना नाय. मी... माका भय वाटता.”

तो थांबला. या वेळी सवयीने नाही. त्याच्याकडे आणखी काहीच उरलं नव्हतं.

झाडाखाली काहीच हललं नाही.

आबांनी सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, कसेबसे उठले. चालत येऊन वासूच्या शेजारी जमिनीवर बसले. दगडाकडे तोंड करून त्यांनी ते लाल हात जोडले.

“व्हय म्हाराजा.”