गुणाजीने तिसरी प्रत ठेवली पिठाच्या डब्यात

एका गावात एक भोळा प्रोग्रॅमर होता. प्रोग्रॅमर म्हणजे कॉम्प्युटरने काय करायचं ते त्याला लिहून देणारा. नाव गुणाजी. कॉम्प्युटर जसं सांगाल तसंच करतो, अक्कल म्हणून चालवत नाही. गुणाजीचंही तसंच, म्हणून दोघांचं बरं जमायचं. माणसांशी मात्र जमायचं नाही.

बायको चंद्रकला एकदा म्हणाली, "पोळ्या झाकून ठेवा, मांजर येईल." गुणाजीने पोळ्या झाकल्या. तासभर झाला, मांजर काही आलं नाही. मग हा शेजाऱ्यांचं मांजर धरून घेऊन आला. चंद्रकला त्याच दिवशी माहेरी गेली.

सासरे येसाजीराव म्हणाले, "जावईबापू, महिनाभर एक नोकरी टिकवून दाखवा. मगच पोर नांदायला पाठवतो."

गावात कंपनी एकच, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. मालकीण लोखंडे मॅडम. बापूसाहेब नावाचे एक गृहस्थ वधूवर मंडळ चालवत, त्यांच्यासाठी मुलामुलींच्या जोड्या जुळवणारा प्रोग्रॅम तिथे बनत होता. गुणाजी कामाला लागला.

पहिल्या आठवड्यात प्रोग्रॅम अडकला. गुणाजी पडद्यासमोर हात जोडून बसला तो संध्याकाळपर्यंत.

मॅडम म्हणाल्या, "अरे, अडकलं की बघत नाही बसायचं. बंद करायचं आणि परत चालू करायचं."

"बरं मॅडम. ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलंच. दुसऱ्या आठवड्यात बापूसाहेब जिलेबीचा पुडा घेऊन आले. बोलता बोलता त्यांना शब्द आठवेना. "आमच्या मंडळातल्या मुली अगदी… अगदी…" गुणाजीने ओळखलं, अडकले. उठला आणि भिंतीवरचं मोठं बटण खाली ओढलं. पंखे थांबले, दिवे गेले, सगळ्यांचं सकाळपासूनचं काम गेलं. मग त्याने बटण वर केलं.

"सुशील," बापूसाहेब म्हणाले.

"बघा, चालू झाले," गुणाजी म्हणाला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "गुणाजी, बंद करण्याआधी समोर जे जे असेल ते जपून ठेवायचं असतं. एका नाही, तीन ठिकाणी."

"बरं मॅडम. ध्यानात ठेवतो."

त्या दिवशी कंपनी बंद करायची पाळी गुणाजीचीच होती. बंद करण्याआधी त्याने बघितलं, समोर काय काय आहे. बापूसाहेबांची मुलामुलींची यादी होती. उरलेल्या तीन जिलेब्या होत्या. एक जिलेबी आणि एक यादी कॉम्प्युटरच्या पोटात. एक जिलेबी आणि यादीची पेनड्राइव्ह मॅडमच्या खणात. तिसरी जोडी घरी नेली आणि पिठाच्या डब्यात पुरली. घरात झाकणाचा डबा तेवढाच होता.

दोन दिवसांनी मॅडमनी खण उघडला, तर मुंग्यांची वरात निघालेली.

"नको असलेलं काही दिसलं ना," मॅडम हात झटकत म्हणाल्या, "की सरळ उडवून टाकायचं."

"बरं मॅडम. ध्यानात ठेवतो."

असे एकोणतीस दिवस भरले. उद्या महिना पुरा होणार, चंद्रकला येणार. गुणाजीने घर सारवून ठेवलं होतं.

त्या दिवशी बापूसाहेब काम बघायला आले. त्या माणसाला कालचं आज आवडायचं नाही. "आडनावाने नको, वयाने लावा." वयाने लावली. "नको, उंचीने." उंचीने लावली. "छे हो. ही असली यादीच नको मला."

गुणाजीने यादी उडवली. चौदा गावांची उपवर मुलं-मुली एका बोटात गेली.

मॅडम खणाकडे धावल्या. "खणातली प्रत?"

"तीपण उडवली, मॅडम. तीच यादी होती ना, नको असलेली."

तिसरीचं कुणी विचारलं नाही. विचारल्याशिवाय कॉम्प्युटर सांगत नाही, गुणाजीही सांगत नाही.

"अरे, उडवण्याआधी विचारावं माणसाने. नक्की उडवू? हो की नाही? जा तू घरी. उद्यापासून येऊ नको."

"येऊ नको. नक्की? हो की नाही?"

"हो."

गुणाजी घरी आला. सारवलेल्या जमिनीकडे बघून त्याला रडू आलं. पण पोट काही थांबत नाही. भाकरीचं पीठ मळायला घेतलं, तर बोटाला काहीतरी टणक लागलं. तसाच पिठाच्या हातांनी धावत माडी चढला. बापूसाहेब अजून डोकं धरून बसलेलेच होते.

"मॅडम, एक राहिली होती. हीपण उडवू? नक्की? हो की नाही?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

यादी परत आली. बापूसाहेबांनी पेनड्राइव्हचं पीठ झटकलं. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तीस वर्षं लग्नं जुळवतोय मी. पोरीला 'नक्की का?' असं कधी विचारलं नाही. प्रोग्रॅममध्ये तेवढं घाला. आणि ते हा मुलगाच घालेल. माझ्या कामावरून याला हलवायचं नाही."

"नक्की?" गुणाजीने विचारलं.

"हो रे बाबा."

महिना भरला. येसाजीराव लेकीला घेऊन दारात उभे राहिले. शेजारणी जमल्या. "नाव घे, त्याशिवाय आत सोडायची नाही."

चंद्रकला म्हणाली, "चुलीवर भाकरी, भाकरीवर तूप…" आणि पुढचं आठवेना. "भाकरीवर तूप… तूप…"

गुणाजीने ओळखलं, अडकली. बंद करून चालू करायला हवी. पण त्याआधी समोर जे जे असेल ते तीन ठिकाणी ठेवायला हवं. तिची ट्रंक शेजारणीकडे ठेवली. सासऱ्यांना हाताला धरून गिरणीत नेलं आणि गिरणीवाल्याला सांगितलं, "जपून ठेवा." बायकोला घरात ठेवलं. दार बंद केलं. मग दार उघडलं.

चंद्रकला घडाघडा म्हणाली,

"चुलीवर भाकरी, भाकरीवर तूप,
गुणाजीरावांचं नाव घेते, सोसलंय खूप."

शेजारणी हसल्या. ती त्याहून जास्त हसली.

"आता नांदणार? नक्की?" गुणाजीने विचारलं. "हो की नाही?"

"हो," चंद्रकला म्हणाली. असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून त्यांचा संसार एकदाही अडकला नाही. तुमचाही न अडको. येसाजीराव मात्र अजून गिरणीत आहेत, पायापासून मिशीपर्यंत पांढरेशुभ्र. बाहेर काढायचं कुणी सांगितलेलंच नाही.