कापसाचं पिल्लू

आमच्या मागच्या ओट्यावर एकदा एक भेदरलेली कुत्री सांभाळायला आली होती. तेव्हा मी एक व्रत धरलं होतं. तिला हाक मारायची नाही, असं ते व्रत. शेजारच्या कमळजाबाईंनी विचारलं, "हे कुठल्या देवाचं हो?" त्यांना जी कहाणी सांगितली, तीच तुम्हांला सांगते. हातात काम असेल तर असू द्या. काम करता करता ऐका.

एका राज्यात रत्नध्वज नावाचा राजा होता. राज्याच्या टोकाला डोंगर होता, डोंगराच्या पोटात तळघर होतं, तळघरात कालभृंग नावाचा मांत्रिक राहत होता. त्याच्यापाशी एक पांढरी कुत्री होती. ती विई. पिल्लांनी डोळे उघडले की मांत्रिक हातात दिवा घेऊन जिना उतरे, पिल्लं टोपलीत भरी आणि मंत्र टाकी. पिल्लं सोन्याची होत. राजा ती घेई, खजिन्यात मांडी. सोनं येतं कुठून, हे राजानं विचारलं नाही. कुत्री पुन्हा गाभण राही, पुन्हा विई, पुन्हा दिवा जिना उतरे. ऊन कसं असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढं मांत्रिक आजारी पडला. मरताना राजाला म्हणाला, "माझी कुत्री आपल्या मनानं माणसापाशी येईल, तेव्हा माझा मंत्र उतरेल. पण माणसाच्या हाताला ती जितकी भिईल, तितकं सोनं तिच्या अंगावर चढेल. काळजाला पोचलं की तीही मूर्ती होईल, आणि मंत्र कायमचा राहील."

मांत्रिक मेला आणि खजिन्यातली सोन्याची पिल्लं कुंईकुंई करू लागली. राजाला झोप येईना. त्यानं शिपाई धाडले. शिपायांनी कुत्रीला दोरीनं ओढून आणलं. तिचे पंजे सोन्याचे झाले. राजवैद्यानं तिला धरून औषध पाजलं. गुडघे सोन्याचे झाले. मग राजा शहाणा झाला. त्यानं दवंडी पिटवली: हिला जो घरी नेईल आणि निर्भय करील, त्याचे उपकार राज्य मानील.

दवंडी पिटणारा म्हाळोजी गावभर ओरडून घरी आला. त्याची बायको सुभागा दारातच उभी होती. तिची व्रतं गावाला पाठ होती.

"मी आणते तिला," सुभागा म्हणाली.

म्हाळोजीनं ढोल खाली ठेवला. "नवऱ्यासाठी व्रत झालं. लेकरांसाठी झालं. आता कुत्रीसाठी. मागं मांजर उभं आहे का रांगेत?"

"रांगेत तुम्ही उभे राहा. पाय धुवा, जेवायला वाढते."

दुसऱ्या दिवशी शिपाई कुत्रीला दारात सोडून गेले. सुभागेनं रीतीप्रमाणं केलं. नव्या जिवाला ओवाळल्याशिवाय घरात घ्यायचं नाही, असं तिच्या सासूनं शिकवलं होतं. तिनं निरांजन लावलं, ताम्हन उचललं आणि ओवाळायला वाकली.

कुत्रीनं पाहिलं: हात, आणि हातात दिवा. ती जमिनीला चिकटली. मुतली. सोनं गुडघ्यावरून खांद्याला भिडलं.

सुभागेनं दिवा विझवला. तो कुठल्या जिन्यावरून उतरत असे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता तिला कळलं.

कुत्री फरफटत चुलीमागच्या कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. सुभागा अंगणात येऊन बसली. आंब्यावर भारद्वाज पक्षी बसला होता. भारद्वाज बोलला.

"रडतेस कशाला? तीन गोष्टी सांगेन, त्या एकेक करून कर. पहिलं हे. वाटी ठेव आणि पाठ फिरव. बघू नकोस, बोलावू नकोस. आपलं काम कर."

"आणि व्रतात मागू काय?"

"काही मागू नकोस. तेच व्रत."

सुभागेनं हे पूर्वी कधी केलं नव्हतं. तिच्या प्रत्येक व्रताला मागणं होतं. तरी तिनं वाटीत दूधभात कालवला, कोपऱ्याजवळ ठेवला आणि पाठ करून वाती वळायला बसली. पिंजारीण गुलाब रोज कापसाची टोपली उंबऱ्यावर ठेवी आणि आत न डोकावता परत जाई. तिच्या लुगड्याला कापसाचा वास असे. म्हाळोजी, ज्याचा आवाज चार वेशींना ऐकू जाई, तो घरात कुजबुजून बोलू लागला. पाणी हवं असलं की तांब्या दाखवी.

"ढोल बरा होता," तो कुजबुजला. "त्याच्याशी निदान मोठ्यानं बोलता यायचं."

वाटी पहिल्यांदा तशीच राहिली. मग सगळे बाहेर गेले की रिकामी होऊ लागली. मग एके दुपारी सुभागेच्या पाठीमागं जीभ वाजली. ती वळली नाही. वात वळत राहिली.

भारद्वाज पुन्हा बोलला. "दुसरं. दाराची कडी काढ."

"ती पळून जाईल. रानात भिईल. मरेल."

"जी जाऊ शकत नाही, ती येऊही शकत नाही."

सुभागेनं कडी काढली. दार सताड उघडं राहिलं. कुत्री उंबऱ्याशी आली. बाहेर ऊन पडलं होतं. तिनं सोन्याचा एक पंजा उन्हात ठेवला, मागं घेतला, पुन्हा ठेवला. रस्त्यानं बैलगाडी गेली तशी ती कोपऱ्यात परतली. तिला कुणी ढकललं नव्हतं. परतताना तिनं टोपलीतला कापसाचा एक पुंजका तोंडात धरून नेला. तो पोटाशी घेऊन ती चाटू लागली.

म्हाळोजीनं ते पाहिलं. त्या दिवशी तो थट्टा न करता जेवला.

"तिसरं," भारद्वाज म्हणाला. "ती तुला काही देईल. मूठ मिटू नकोस."

पुढं एका सकाळी सुभागा दाराशी वाती वळत होती. पाठीमागं सोन्याच्या नख्या फरशीवर वाजल्या. वाजणं थांबलं. पुन्हा वाजलं. कुत्री वळसा घालून समोर आली. तोंडात कापसाचा पुंजका होता, चाटून चाटून ओला झालेला. तिनं तो सुभागेच्या उघड्या तळहातावर ठेवला आणि हाताकडे पाहत राहिली.

तिच्या जन्मात हात फक्त मिटत आले होते.

सुभागेला तो पुंजका छातीशी धरावासा वाटला. बोटं वाकली नाहीत. कुत्रीनं पुंजका उचलला, कोपऱ्यात नेला. परत आणून ठेवला. परत नेला. मग आणला, ठेवला आणि तो तिथंच सोडून सुभागेच्या मांडीवर मान टाकली. डोळे मिटले.

सोनं खांद्यावरून उतरलं, गुडघ्यांवरून उतरलं, पंजांवरून सांडून उंबऱ्यात माती झालं. तिकडं राजवाड्यात खजिन्याची दारं आतून खरवडली जाऊ लागली. राजानं ती स्वतः उघडली. खजिना रिकामा झाला आणि पिल्लं अंगणभर धावली. राजा त्यांच्यात जमिनीवर बसला. त्यानं तळघर बुजवायला लावलं, आणि पिल्लू हवं असेल त्याच्या घरची कडी काढलेली असते का, हे आधी पाहून यायचं, असा नियम केला.

सुभागेनं कुत्रीचं नाव शुभ्रा ठेवलं. भारद्वाज आंब्यावर आला.

"उद्यापन राहिलं आहे. आता शुभ्रा दुसऱ्या घरी द्यायची."

"ती माझी आहे."

"व्रतात काय मागितलं होतंस?"

"काही नाही."

"मग ठेवून का घेतेस? वाणाशिवाय व्रत पुरं होत नाही. अशी तळघरं आणखी असतील, त्यांत अजून जीव सापडतील. त्यांना तुझा कोपरा लागेल."

तेवढ्यात गुलाब आली, टोपली उंबऱ्यावर ठेवून निघाली. शुभ्रा उठली. लुगड्याचा वास घेत तिच्यामागं चालू लागली. बांधापर्यंत गेली, वळली, सुभागेकडे पाहिलं. सुभागेनं हाक मारली नाही. मान हलवली. शुभ्रा शेपूट हलवत गुलाबच्या घरी गेली आणि रोज टोपलीबरोबर येऊ लागली.

सुभागेनं कोपरा सारवला. नवी वाटी ठेवली. म्हाळोजीनं न विचारता कडी काढून ठेवली.

तळघरात सुरू झालेली ही कहाणी उंबऱ्यावर पुरी झाली. बायांनो, तुमच्या दारीही असा एखादा जीव येईल. त्याला ओवाळू नका. वाटी ठेवा, पाठ फिरवा, वाती वळा. तो आला तर हात उघडा ठेवा, आणि निघाला तरी उघडाच ठेवा.