बहात्तरावे रोप

एका राज्यात झाडांची वये माणसांसारखी मोजत. ते राज्य इब्री, म्हणजे प्राचीन यहुदी, लोकांचे. त्यांचे शास्त्र चामड्याच्या गुंडाळीवर लिहिलेले, आणि त्या गुंडाळीत राजांइतकाच मान झाडांना. मूल जन्मले की सुईणीने त्याच्या नावाने एक रोप लावावे, ही तिथली रीत. पहिली तीन वर्षे त्याच्या फळाला कुणी हात लावायचा नाही. चौथ्या वर्षीचे फळ देवाचे. पाचव्या वर्षी घरच्यांनी खायचे. आणखी एक नियम होता. लढाई कितीही पेटो, फळझाडावर कुऱ्हाड चालवायची नाही. माणूस तटाआड पळून जीव वाचवतो, झाडाला ती सोय नाही.

राजा येराम याने डोंगरावरच्या एका नगराला वेढा घातला. शिड्यांना लाकूड कमी पडले आणि नियम आडवा आला. तेव्हा दरबारातला मांत्रिक अखान पुढे झाला. हा पाखरांना मुके करी, विहिरीचे पाणी झोपवी. शिवाय गुंडाळी वाचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"महाराज," तो म्हणाला, "फळझाड म्हणजे ज्याचे फळ खाता येते ते. तीन वर्षांच्या आतल्या रोपाचे फळ खायला मनाई आहे. मग ते फळझाड कसले?"

पंडितांनी दाढ्या कुरवाळल्या, माना डोलावल्या. शास्त्र तोंडपाठ असलेल्या त्या बारा जणांत एकालाही लाज वाटली नाही. ज्या नियमाने रोपाला जपायचे, त्याच नियमाची धार काढून त्याचा गळा कापायचा, आणि वर त्याला विद्वत्ता म्हणायचे! एका सकाळीत बहात्तर रोपे तोडली. एकाहत्तरांच्या शिड्यांच्या पायऱ्या झाल्या. बहात्तरावे, बदामाचे, सगळ्यांत सरळ. ते अखानाने आपल्या झग्याखाली घालून नेले.

त्याच दुपारी राज्यातली तीन वर्षांच्या आतली सगळी मुले लाकडाची झाली. कुणी पाळण्यात झाले, कुणी आईच्या कडेवर.

तिर्सा ही तिथली सुईण. ती बहात्तर मुले तिच्या हातांवर जन्मलेली, ती रोपेही तिनेच लावलेली. तिची लेक नोआ अंगणात कोंबडीला भाकरीचा तुकडा देत होती. हात पुढे केलेला, तोंड हसरे, तशीच ती लाकूड झाली. बहात्तरांत नोआच सगळ्यांत मोठी. तिची तीन वर्षे भरायला एकवीस दिवस होते.

तिर्साने लेकीला पाठीशी बांधले आणि ती राजाच्या छावणीत गेली.

राजा म्हणाला, "बाई, जे झाले ते शास्त्राला धरून झाले."

अखान म्हणाला, "आणि मोठ्या माणसांना तर काहीच इजा नाही."

तिर्साच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण भाले आडवे झाले आणि तिला बाहेर काढले. ती उजाड बागेत एका खुंटाशी येऊन बसली. तिथे एक होला उतरला.

"तिर्साबाई, रडू नका," होला म्हणाला.

"मी रडत नाही. मला राग आला आहे."

"मग बरे झाले. वय भरले की शाप पक्का होतो, म्हणून वेळ थोडा आहे. चव्हाट्यावर जुनी खजुरी उभी आहे. तिच्याखाली पूर्वी न्याय होई. तीन साक्षीदार घेऊन जो तिथे हाक मारील, त्याच्यापुढे राजालाही अनवाणी यावे लागते. जैतून, अंजीर आणि गंधसरू, या तिघांची साक्ष आणा."

तिर्सा टेकडीवरच्या जैतुनाकडे गेली. याच्याच तेलाने राजांना अभिषेक होई. जैतून म्हणाले, "कापलेल्यांची नावे सांग. एक जरी चुकलीस तर रिकाम्या हाताने जा." तिर्साने बहात्तर नावे सांगितली, कोण कुठल्या रात्री जन्मले आणि कोण पायाळू होते, तेही सांगितले. जैतुनाने डहाळी दिली.

ती विहिरीकाठच्या अंजिराकडे गेली. ज्याच्या दारात अंजीर त्याच्या घरी शांतता, असे ते लोक मानत. अंजीर म्हणाले, "माझ्या सावलीत दिवसभर शांत मनाने बस." तिर्सा बसली. सूर्य बुडताना म्हणाली, "दिवसभर बसले, पण शांत नाही झाले. होणारही नाही." अंजीर म्हणाले, "खोटे बोलली असतीस तर पान दिले नसते." आणि पान दिले.

गंधसरू नऊ दिवसांच्या वाटेवर, बर्फाच्या डोंगरावर. त्याचा शेंडा ढगांत. नोआचा पुढे केलेला हात सारी वाट आईच्या खांद्याला टोचत राहिला.

"वाकून बोल," गंधसरू म्हणाले. "मी झाडांचा राजा आहे."

"एका राजापुढे वाकून पाहिले," तिर्सा म्हणाली. "तूही कधीतरी वीतभर होतास. तेव्हा कुणी तुला उपटले नाही, म्हणून आज एवढ्या उंचावरून बोलतोस."

मग त्या महावृक्षाने शेंडा जमिनीपर्यंत खाली आणला आणि आपले बोंड तिच्या ओटीत टाकले.

एकविसाव्या दिवशी तिर्साने खजुरीखाली हाक मारली. राजा अनवाणी आला. हातात सोन्याचा नवा राजदंड, मागे अखान, त्याच्या मागे ते बारा पंडित. तिर्साने डहाळी, पान आणि बोंड मातीत मांडले.

डहाळी म्हणाली, "तीन वर्षे मला कुणी शिवले नाही, म्हणून मी झाड झाले."

पान म्हणाले, "माझेही तसेच."

बोंड म्हणाले, "माझे फळ कुणी खात नाही. मला तोडायला शास्त्राची मनाई नव्हती. डोंगरभर आम्ही उभे होतो. पण राजाला आम्ही नव्या महालाच्या छतासाठी हवे होतो, म्हणून आम्हाला राखले आणि पोरांची रोपे तोडली."

चव्हाट्यावर जमलेल्या आयांनी ते ऐकले. लाकूड कमी पडले नव्हते तर. छत सुंदर व्हावे म्हणून बहात्तर पाळणे थांबले होते. आया पुढे सरकल्या, आणि पंडितांच्या दाढ्या प्रथमच थरथरल्या.

अखानाने बोलायला तोंड उघडले, तर जिभेवर काटा उगवला. मग हातांवर, मग पाठीवर. पाहता पाहता तो काटेरी झुडूप झाला. त्याच्या सावलीला आजवर कुणी बसलेले नाही.

खजुरीने निवाडा दिला, "राजाने आपल्या हाताने प्रत्येक पायरी उपसावी आणि तिच्या जागी, तिच्या नावाने रोवावी."

"पायऱ्या काढल्या तर वेढा उठेल," राजा म्हणाला.

"उठू दे," खजुरी म्हणाली.

शिड्या बागेत आणल्या आणि राजा गुडघ्यांवर बसून माती उकरू लागला. त्याला एकही नाव ठाऊक नव्हते. तिर्सा सांगे, तो म्हणे. एक पायरी रोवली की एका घरातून रडणे ऐकू येई. एकाहत्तर झाली. सूर्य टेकला. एक खड्डा रिकामा राहिला.

होला राजदंडावर येऊन बसला.

राजाने दंड छातीशी धरला. "दंडाशिवाय राजा कसला?"

"फळाशिवाय झाड कसले, असे तुमच्याच दरबारात विचारले होते, महाराज," तिर्सा म्हणाली. "आता तुमच्याच तोंडून उत्तर ऐकू द्या."

राजाने खाली पाहिले. मग नखांनी सोन्याचा पत्रा सोलला. बोटांतून रक्त आले. आत बदामाची काठी होती. ती त्याने शेवटच्या खड्ड्यात रोवली आणि म्हणाला, "नोआ."

काठीला तिथल्या तिथे पांढरी फुले आली.

पुढे वेढा उठला, फौज घरी आली, महालाला छत झालेच नाही. तीन वर्षे राजाने त्या बागेला स्वतः पाणी घातले आणि एका फळालाही हात लावला नाही. नियम पुन्हा ज्याच्यासाठी केला होता त्याच्यासाठी पाळला जाऊ लागला. पण त्या संध्याकाळी तिर्साला यातले काही नको होते. तिच्या खांद्याला टोचणारा हात मऊ झाला होता. नोआने मुठीतल्या वाळक्या भाकरीकडे पाहिले, मग इकडे तिकडे पाहिले.

"आई," ती म्हणाली, "कोंबडी कुठं गेली?"