मगरीचे अश्रू

माणसांनी अजून म्हणी जोडायला घेतल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट असावी. नदीकाठच्या वाळूत मगरीची पिल्लं अंड्यांतून नुकतीच बाहेर आली होती. वर घारी घिरट्या घालत होत्या आणि पाणी वीस हात लांब होतं. मगरीने जबडा उघडून मावतील तेवढी पिल्लं एकेक करून आत घेतली. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळू लागलं.

"स्वतःचीच पोरं गिळते आणि वर रडते! काय हे ढोंग!" बगळा ओरडला आणि ती बातमी सांगत गावोगाव उडाला. खोट्या रडण्याला आपण आजही मगरीचे अश्रू म्हणतो, ते बहुधा त्याच्यामुळेच.

टिटवी मात्र थांबली. "मावशी, सोड गं त्यांना!" ती कळवळून म्हणाली.

तोंडात पोरं असताना मगर बोलणार कशी? ती पाण्यात उतरली आणि तिने जबडा उघडला. त्या भयंकर दातांमधून एकेक पिल्लू पोहत बाहेर आलं. एकाच्याही अंगावर ओरखडा नव्हता. टिटवी पंख मिटायचंही विसरली.

"मावशी, बगळ्याला गाठून खरं सांगू?"

"राहू दे. वाळूत अजून अकरा आहेत," मगर म्हणाली. "घार खाली आली तर तेवढी ओरड."

आणि ती पुन्हा काठ चढू लागली.