दोन बोटांचा बार

फार पूर्वीची, रानात शिकारीला कुणाची मनाई नव्हती तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पदरातल्या एका वाडीत एक शिकारी राहत होता. भागोजी त्याचं नाव. वाडी अकरा घरांची आणि बंदूक मात्र एकच, ती भागोजीची. तीही ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधी, मग शिशाची गोळी, पुन्हा चिंधी, आणि लोखंडी गजाने सगळं ठासून घट्ट करायचं. एवढा उपद्व्याप करून बार निघायचा एकच. तो चुकला की जनावर पलीकडच्या डोंगरावर आणि शिकारी पुन्हा दारू ओतत बसलेला.

वाडीची एक रीत होती. बाराचा आवाज डोंगरात घुमला की ज्याला जमेल त्याने हातातलं काम टाकून आवाजाच्या दिशेने निघायचं. कुणी जाड बांबू उचलायचा, कुणी दोर, कुणी कोयता. सांबर म्हणजे तीन-चार माणसांचं वजन. त्याचे पाय बांधायचे, बांबूला टांगायचं आणि खांदे बदलत बदलत दरीतून वर आणायचं. जो जो बार ऐकून आला त्या प्रत्येकाला सारखा वाटा. मारणाऱ्यालाही तेवढाच. त्याला वर मुंडकं मिळायचं, ते मानाचं.

वीस वर्षं भागोजीने ही रीत मुकाट्याने पाळली. पण माणूस थकतो. पहाटेच्या दवात भिजत पाणवठ्यावर बसायचं त्याने, गुडघे दुखायचे त्याचे, दारू त्याची, शिसं त्याचं, आणि घरी येताना हातात काय, तर पळसाच्या पानात बांधलेलं एक पुडकं.

"माझ्या बंदुकीवर अख्खी वाडी जेवती," तो बायकोला म्हणायचा.

"आन् तुमची शिकार घरी येती ती कुणाच्या खांद्यावर?" बायको विचारायची.

यावर भागोजी बंदूक पुसत बसायचा.

त्या वर्षी त्याच्या लेकीचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक. सोयरे घाटाखालचे, चांगले खाऊन-पिऊन सुखी. ते बोलणी पक्की करायला वाडीवर यायचे होते, एकूण तीस माणसं. भागोजीच्या मनाने घेतलं की त्यांना पोटभर सागुती वाढायची. उद्या लेक त्या घरात नांदायला जाईल तेव्हा कुणी म्हणायला नको, हिच्या बापाने आम्हाला भाकरीबरोबर नुसतं कालवण दाखवलं. पण वाट्याच्या एका पुडक्यात तीस पानं कशी वाढायची? अख्खं सांबर हवं होतं.

वाडीकडे मागता आलं असतं. पण त्याची जीभ रेटेना. वीस वर्षं देणाऱ्याच्या तोऱ्यात काढलेली, आता हात कसा पसरायचा? आणि कुणी नाही म्हटलं तर? भागोजीने दोन रात्री विचार केला आणि विचार करून करून एक युक्ती काढली. जास्त विचार केला की अशाच युक्त्या सुचतात.

बंदुकीतली दारू बोटांनी मोजतात. गज नळीत सोडला की तो किती बोटं वर राहतो, त्यावरून बार किती भरला ते कळतं. सांबराला चार बोटं लागतात, हे शिकाऱ्याच्या पोराला पाळण्यातच ठाऊक असतं. भागोजीने दोनच बोटं भरायचं ठरवलं. अर्धी दारू, अर्धा आवाज. दरीतल्या दरीत विरून जाईल, वाडीला पत्ता लागायचा नाही. कुणी येणार नाही, कुणी वाटा मागणार नाही. जनावराचे तुकडे करून चार फेऱ्यांत आपणच वर आणू.

सोयरे यायच्या आदल्या पहाटे तो एकटाच निघाला. "आज माळावर जातो," असं बायकोला खोटंच सांगून उलट्या बाजूच्या दरीत उतरला. फटफटायला लागलं तसा एक भलामोठा नर पाण्यावर आला. भागोजीने नेम धरला आणि बार काढला. आवाज झाला तो ओलं लाकूड चुलीत फुटावं तेवढाच. युक्ती फळली म्हणून तो मनात हसलासुद्धा.

गोळी लागली, पण दोन बोटांच्या बारात जोर तो किती असणार? सांबर गुडघ्यावर आलं, धडपडत उठलं आणि झाडीत घुसलं. मग सुरू झाली पायपीट. पानांवरच्या रक्ताच्या ठिपक्यांमागे भागोजी एक ओढा उतरला, एक चढला, पुन्हा उतरला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा एका खोल घळीत, बांबूच्या बेटाखाली ते जनावर सापडलं. अजून जिवंत होतं. त्याला बघून उठायला लागलं आणि उठवेना म्हणून तसंच त्याच्याकडे बघत राहिलं. भागोजीला कोयत्याने त्याचा जीव घ्यावा लागला. वीस वर्षांत त्याच्या हातून कुठलंही जनावर असं तडफडून मेलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. तो दगडावर बसला, ओंजळभर पाणी प्यायला, आणि मग त्याने मान वर करून चढण बघितली.

कमरेला दारू ठेवायचं शिंग होतं, त्यात अजून एका बाराची दारू होती. पुरी चार बोटं. बंदूक भरून आभाळात बार काढला की वाडी आलीच म्हणून समजा. भागोजीने शिंग हातात घेतलं. मग त्याला उद्याची तीस पानं दिसली. त्याने शिंग पुन्हा कमरेला बांधलं आणि कोयता काढला.

मानाचं मुंडकं त्याने तिथेच सोडलं, ते न्यायची ताकद कुणात होती! धडाचे चार भाग केले. पहिला खांद्यावर घेऊन हातभर चढला की दम लागे, दहा पावलांवर थांबावं लागे. तो एका खडकावर ठेवून दुसरा आणायला खाली उतरला, तर खाली कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, जमलेले. त्यांना दगड मारून हाकललं, जेमतेम दुसरा भाग ओढून वर आणला, तोवर पहिल्यावर कावळे आणि गिधाडं बसलेली. माणूस एक आणि मांस दोन ठिकाणी. वरच्याजवळ बसावं तर खालचं जातं, खालच्याला जावं तर वरचं जातं. तिसऱ्या फेरीला उतरायचं त्याच्या जिवावर आलं. अर्ध्यातून त्याने खाली पाहिलं, बांबूच्या बेटात भांडणं चालली होती. तो परत फिरला. वरच्या दोन भागांतलाही एक नुसता हाडांना चिकटलेला उरला होता, तो त्याने पायाने दरीत लोटून दिला.

शेवटी खांद्यावर एक मागची मांडी राहिली. खांद्याची साल निघाली होती. पाय ठेवू तिथे पाचोळा सरकत होता. तेवढीच एक मांडी तरी घरी न्यायची म्हणून तो दात-ओठ खाऊन चढत राहिला, आणि खिंडीच्या अलीकडे त्याचा पाय दोन दगडांत गेला. घोट्यातून कळ अशी आली की डोळ्यांपुढे अंधारी. उठायला गेला, उठवेना.

भागोजी तसाच पडून राहिला. रडावं असं त्याला वाटलं, पण रडायचेही श्रम होते. पोरीचे सोयरे उद्या येणार आणि बाप असा चढणीवर पडलेला. मग त्याने कमरेचं शिंग सोडलं. चार बोटं दारू, चिंधी, गज. गोळी घातली नाही. आभाळाकडे नळी करून बार काढला. तो आवाज चारही डोंगरांनी एकमेकांना सांगितला.

दिवस मावळायच्या आत वाडी आली. दहा घरांतली दहा माणसं. कुणी नांगर सोडून आलेला, कुणाच्या हाताला अजून शेण. सगळ्यांत मागे कोंडूआबा, वाडीतला वडीलधारा. त्याचा खांदा आता ओझ्याचा राहिला नव्हता, तरी काठी टेकत आला होता. पुढच्यांच्या हातात बांबू होता.

"कुठंय रं जनावर?" एकाने धापा टाकत विचारलं.

भागोजीने मांडीकडे बोट दाखवलं.

"आन् बाकीचं?"

कोंडूआबा वाकला. मांडीवरचं वाळलेलं रक्त बघितलं, बंदुकीची नळी हुंगली.

"ह्यो बार आत्ताचा. ह्ये जनावर सकाळचं. मग सकाळचा बार आमाला कसा न्हाई ऐकू आला?"

खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. भागोजीने सगळं सांगितलं. दोन बोटं दारू, तीस पानं, कोळसुंदे, सगळं. सांगून झाल्यावर कोयता पुढे केला.

"वाटं करा," तो म्हणाला.

"ह्येचं काय वाटं करायचं, येड्या? एक तर मांडी."

"बार ऐकून आलात न्हवं? मग वाटा हाय. एकदा मोडली रीत, आता न्हाई मोडायची."

कुणी हसलं नाही. एकाने पळसाची पानं तोडली. मांडीचे अकरा वाटे झाले, मुठीत मावतील एवढाले. ज्याचा त्याने उचलला. भागोजीच्या पुढ्यातही एक ठेवला.

कोंडूआबाने आपला वाटा तळहातावर तोलून पाहिला. मग म्हणाला, "आरं, पोर काय तुझ्या एकट्याची हाय? आमच्या अंगाखांद्यावर खेळली ती. सोयऱ्यांना सागुती करायची हाय, एवढा एक शबुद टाकायचा हुतास. कुणी घेतला असता वाटा? सांबरबी आमीच वर आणलं असतं आन् चुलीबी आमीच पेटवल्या असत्या."

एवढं बोलून त्याने आपला वाटा भागोजीच्या पानावर ठेवला. त्याच्यामागून दुसऱ्याने ठेवला. मग तिसऱ्याने. दहाही वाटे परत आले. पण सगळे एकत्र करूनसुद्धा ती एकच मांडी होती. उरलेलं सांबर घळीत होतं, आणि वर गिधाडं फिरत होती. भागोजीने मान खाली घातली आणि हुंदके देऊन रडला.

मग त्यांनी बांबूला घोंगडी बांधली आणि भागोजीला तिच्यात घातलं. चौघांनी खांदा दिला. वीस वर्षं तो बंदूक घेऊन पुढे चालत आला होता. शिकाऱ्याने खांदा द्यायचा नसतो म्हणून मागे वळून त्याने कधी पाहिलं नव्हतं. आज झोळीत पडल्या पडल्या त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं. "आरं, खांदा बदल," कुणीतरी म्हणायचं, बांबू करकरायचा, दुसरा खाली शिरायचा, आणि घामाचे थेंब त्याच्या अंगावर पडायचे.

"लई जड हाय का रं मी?" त्याने विचारलं.

"सांबरापरीस हलका हायेस," पुढून उत्तर आलं. "गप पड."

तात्पर्य: आपल्याच माणसांपाशी शब्द टाकायला लाजून जो गुपचूप सगळं घ्यायला जातो, त्याच्या वाट्याला शेवटी नुसतं ओझं येतं, आणि तेही त्याच माणसांना उचलावं लागतं.