शेवटच्या मळ्याची पाळी

चूक राजाचीच होती. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी त्याची कीव करत बसायला नको.

राजाचं नाव भद्रसेन. त्याच्या राज्यात झाडं बोलायची, बरं का. तहानली की गप्प व्हायची, आणि तीन दिवस गप्प राहिली की दगड व्हायची. तिथं एक तळं होतं. पहाटे झऱ्यानं काठोकाठ भरायचं, संध्याकाळपर्यंत रिकामं. त्याच्या पाण्यावर तीन मळे. पहिला राजाचा, दुसरा प्रधानाचा, शेवटचा गोंदाबाई माळिणीचा. राजानं तिघांना त्याच क्रमानं, सारख्याच वेळाची पाण्याची पाळी लावली, आणि न्यायी म्हणून मिरवला.

मग गोंदाबाईचा आंबा दगड झाला. राजानं मांत्रिक बोलावला. मग फणस दगड झाला. राजानं पाटावर पहारा बसवला. मग चिंच दगड झाली. राजा म्हणाला, बाईच आळशी आहे. उरली एक जांभूळ. तीही आदल्या दिवसापासून गप्प.

मग गोंदाबाई शाळेत गेली, गणिताच्या मथुराबाईंकडे. बाईंनी पाटाची धार सकाळी पाहिली, दुपारी पाहिली. मग सरळ बाजूंचा एक डबा घेतला, तळाला भोक पाडून बूच मारलं, नऊ पेले पाणी भरलं आणि उजाडता उजाडता दरबारात नेऊन मांडला. म्हातारे दरबारी हसले. आजोबांपासून पाणी वेळेनंच वाटतात, म्हणाले. त्यांना आठवायला आवडायचं, मोजायला नाही.

"महाराज, हे तुमचं तळं," बाई म्हणाल्या. "तुम्हीच मोजा."

बूच काढलं. पहिल्या पाळीत पाच पेले आले. मग तेवढ्याच वेळात तीन. मग तेवढ्याच वेळात एक.

"तळं भरलेलं असतं तेव्हा धार जोरात, उतरलं की बारीक. तुम्ही वेळ सारखा दिलात, पाणी नाही."

प्रधान म्हणाला, मास्तरीणबाई, डबा तो डबा आणि तळं ते तळं. बाईंनी खडूनं फरशीवर नव्या पाळ्या मांडल्या. राजाला सगळ्यांत कमी वेळ, प्रधानाला थोडा जास्त, गोंदाबाईला अर्ध्या दिवसाहून जास्त. चुकले तर शाळेला कुलूप लावा, म्हणाल्या.

त्या दिवशी पाणी तसंच सोडलं. संध्याकाळी जांभूळ बोलली, "पोट भरलं गं, गोंदे."

मग तिन्ही मळे बोलत राहिले, माणसं सुखात राहिली. अख्ख्या राज्यात मान ताठ होती ती एका मास्तरणीची. झालं. घ्या पांघरूण, मिटा डोळे.

राजानं चूक कबूल केली नाही. न्याय मागायला त्याच्याकडे पुन्हा कोणी गेलं नाही.